झिजून गेलेली पाती

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. तिचं नाव झालं ते बैलबाजारामुळे आणि घोंगड्यांमुळे. वर्तमानपत्रांत फोटो येतात तेही शिंगं रंगवलेल्या बैलांचेच. लोखंडाच्या दुकानांकडे कॅमेरा सहसा वळत नाही. ताडपत्रीवर विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कोयते, मोरल्या मांडलेल्या असतात आणि बाजूला दांड्यांची चळत. गिऱ्हाईक उकिडवं बसतं, एक कोयता उचलतं, डोळ्यासमोर धरून पाठीची रेघ बघतं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकतं, धारेवरून अंगठा आडवा फिरवतं आणि बहुतेक वेळा परत खाली ठेवतं. कंपनी कोणती, असं कुणी विचारत नाही, कारण कंपनी नसतेच. विचारायचं असतं ते एवढंच, की हा पाट्याचा आहे का.

पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. मुंबई-आग्रा महामार्ग शहापूर तालुक्यातून आसनगाव, खर्डी करत कसारा घाटाला भिडतो. घाटात मालट्रकच्या कमानी मोडायच्या, गॅरेजवाला मोडका पाटा भंगारात टाकायचा आणि लोहार तो वजनावर उचलायचा. या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का आणि जोडीला सिलिकॉन किंवा मँगनीज-क्रोमियम. वाकून पुन्हा सरळ होणं हा त्याचा जन्माचा धंदा. त्यामुळे पाट्याचा कोयता गाठीवर बसला तरी सहसा तुकडा उडत नाही आणि धारही मुडपत नाही. बाजारात साध्या लोखंडी पट्टीचेही कोयते मिळतात. दिसायला तेच, रंग चढवलेला, वर स्वस्त. ऐनाच्या चार फांद्या तोडल्या की त्यांची धार लाटेसारखी होते.

चाकू-सुऱ्या जमवणाऱ्यांचं जग मोठं आहे. त्यांच्याकडे कंपन्यांची सूचिपत्रं असतात, नमुन्यांचे क्रमांक असतात, कोणता नमुना कधी बंद पडला याच्या याद्या असतात. फ्रान्समधल्या साव्हॉयचा ओपिनेल हा लाकडी मुठीचा घडीचा चाकू 1890 पासून निघतो. त्यातले पहिल्या आणि अकराव्या क्रमांकाचे आकार पुढे बंद झाले, तर आता तेच शोधत लोक फिरतात. शहापूर-मुरबाडच्या पात्यांना यातलं काहीच नाही. ना शिक्का, ना क्रमांक, ना साल. इथे नमुना बंद होतो तेव्हा भट्टी विझलेली असते. लोहार म्हातारा झाला, मुलाने नाक्यावर वेल्डिंगचं दुकान टाकून ग्रिल आणि गेटं करायला घेतली, की त्या गावाच्या कोयत्याचा बाक संपला. कुणी जाहीर करत नाही. दोन-चार वर्षांनी एखादी बाई धार लावायला कोयता घेऊन जाते आणि भाता बंद बघून परत येते.

म्हणून ही पाती आत्ताच जमवावीत असं माझं म्हणणं आहे. पण जमवायला निघालं की एक पेच पडतो. चांगला कोयता उरतच नाही. रोज कामाला लागतो, रोज दगडावर घासला जातो. पावसाळ्याआधी लोहाराकडे पाजवायला जातो, म्हणजे भट्टीत तापवून, ठोकून, धार पातळ करून पुन्हा पाणी दिलं जातं. दरवेळी थोडं पोलाद जळतं, थोडं ऐरणीवर पापुद्रा होऊन सुटतं. पातं अरुंद होत जातं, बाक उथळ होतो, शेवटी हातात उरते ती पट्टी. तीही फेकत नाहीत. तिचं खुरपं होतं, खुरप्याचा कधी आरीसारखा तुकडा होतो. उलट जो कोयता पहिल्याच हंगामात नापास ठरला तो आढ्याला खोचलेला, गंजलेला, पण पूर्ण आकारात पन्नास वर्षांनीही सापडतो. म्हणजे जुन्या घरात अखंड, रुंद, सुबक हत्यार मिळालं तर आधी शंका घ्यावी. शौकिनाची नजर नेमकी उलटी असते. त्याला न वापरलेली वस्तू हवी असते. कोयत्याच्या बाबतीत न वापरलेली वस्तू बहुधा टाकाऊ म्हणूनच वापरलेली नसते.

कोयत्याचा बाक समजून घ्यायचा तर राब समजून घ्यावा लागतो. ठाणे जिल्ह्यातली भातशेती पिढ्यान्‌पिढ्या राबावर उभी राहिली. रोपं वाढवायच्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या शेवटी वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून सावकाश धुमसू द्यायचं. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं आणि पहिल्या पावसात टाकलेलं भाताचं बी तरारून येतं. टहाळ येतो झाडावर चढून. ऐनासारखी झाडं बुंध्यातून न तोडता फक्त फांद्या छाटायच्या, म्हणजे पुढच्या खेपेला ती पुन्हा फुटतात. एका हाताने खोड कवटाळायचं आणि दुसऱ्या हाताने तोडायचं, असं ते काम. म्हणून पातं आखूड पण पुढून जड, टोक आत वळलेलं, म्हणजे घाव निसटत नाही आणि तोडलेली फांदी ओढून घेता येते. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून कमरेला मागे आकडी बांधलेली आणि तिच्यात कोयता अडकवलेला. ठाकूर माणूस, कातकरी माणूस, रानात जाणारी बाई, कुणाच्याही कमरेला हे दिसायचं. अजूनही डोळखांबच्या बाजूला, टोकावड्याच्या वर माळशेजच्या अंगाला दिसतं.

या टहाळावरून सरकारशी मोठा झगडा झालेला आहे. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होऊ लागली आणि राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली. शेतकऱ्याच्या भातखाचराबरोबर वरकस जमीन असायची, तिच्यावरची झाडं छाटायचा रिवाज होता. आता त्या फांदीला कोयता लावायचा की नाही हे जंगलखातं सांगू लागलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारने 1885 मध्ये वन आयोग नेमला आणि त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. राबाशिवाय भात होतं की नाही यावर त्या काळी अधिकाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी घातलेले वाद वाचण्यासारखे आहेत. एवढं सगळं ज्या पात्याच्या टोकावर चाललं होतं, ते पातं मात्र कुणी जपून ठेवल्याचं दिसत नाही. कागद राहिले, कोयता झिजून गेला.

राब आता कमी होतोय. पालापाचोळा जाळू नये असं शेतीखातं सांगतं. शेजारच्या कर्जत तालुक्यात, नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र पसरलं. त्यात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही, मग राब कुठला? जमिनीच्या दृष्टीने हे भलंच आहे आणि त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. पण ज्या कामाने तो बाक घडवला ते काम गेलं की बाकही सरळ होत जातो. नव्या कोयत्यांकडे बघा, टोक फारसं वळलेलं नसतं. कुंपणाच्या काट्या तोडायला आणि नारळ फोडायला तेवढं पुरतं.

विळ्याचंही असंच. पूर्वीचा भात कापायचा विळा इथे लोहाराकडचाच असायचा, त्याचे दातेही लोहार छिन्नीने एकेक पाडून द्यायचा. दाते तिरके पाडलेले, धरणाऱ्याच्या मनगटाकडे झुकलेले, म्हणजे ओढलं की कापलं. आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतला वैभव विळा घ्यायला सांगतात. वजनाला हलका, दाते यंत्रावर पाडलेले, जमिनीलगत कापता येतं, त्यामुळे धसकटात खोडकिडा उरत नाही. हा विळा चांगला आहे, यात वाद नाही. फक्त दाते गेले की तो गेला. छिन्नीने दाते पाडलेला विळा पुन्हा भट्टीत घालून पुन्हा दातवता यायचा. असा हाताने दातवलेला विळा मिळाला तर पहिल्या झटक्यात घ्यावा. दात्यांची ओळ थोडी वेडीवाकडी असते, एखादा दाता शेजाऱ्यापेक्षा खोल असतो. तीच त्याची ओळख. भातकापणीच्या दिवसांत मात्र विचारूही नये. दिवाळीच्या आगेमागे हळवी-निमगरवी भातं अंगावर आलेली असतात आणि तुमच्या संग्रहासाठी कुणी हातातला विळा सोडणार नाही.

लोहाराच्या पुढ्यात बसलं तर आणखी एक जुनी रीत कळते. पाटा मिळू लागण्याआधी सगळं पातं पोलादाचं करणं परवडत नसे. पोलाद महाग, लोखंड स्वस्त. मग अंग लोखंडाचं करायचं आणि धारेच्या जागी लोखंड चिरून त्यात पोलादाची पट्टी बसवायची, दोन्ही पांढरी होईपर्यंत तापवून घणाने एकजीव करायची. याला पोलाद भरणं म्हणतात. अशा पात्याची धार कडक असते आणि पाठ मऊ, त्यामुळे ते तुटत नाही. झिजत झिजत पोलाद संपलं की लोहार पुन्हा भरून द्यायचा. जुन्या कुऱ्हाडीवर, जुन्या रापीवर ही जोडाची रेघ अजून दिसते. थोडं लिंबू चोळून पुसलं तर धारेकडचा भाग काळपट पडतो आणि वरचा फिका राहतो. माझ्या मते, या भागात जमवण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ही रेघ. पाट्याने ती रीत संपवली, तीही कुणाला न कळता.

पाणी देणं हा भाग तर लिहून सांगण्यापलीकडचाच. लालबुंद पातं पाण्यात बुडवलं की काचेसारखं कडक होतं आणि तसंच ठेवलं तर पहिल्या घावाला टवका उडतो. म्हणून पुन्हा हलकी आच द्यायची. घासून चकचकीत केलेल्या धारेवर आधी गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण 220-230 अंशांना, निळा 300 च्या जवळपास. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचं, कोयत्याला जांभळ्या-निळ्याच्या हद्दीत. लोहाराकडे थर्मामीटर नसतो. भट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात ती याचसाठी, उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. आता ग्राइंडरने धार लावतात. ठिणग्यांचा फवारा उडतो, धार निळीकाळी होते आणि लोहाराने राखलेलं पाणी दहा सेकंदांत उतरतं. जुनं हत्यार घेताना धारेला ग्राइंडरचा असा निळाकाळा डाग दिसला तर किंमत निम्मी समजा.

ही कामं करणारे सगळेच गावात वस्ती करून राहिलेले नव्हते. बलुतेदार लोहार-पांचाळ गावातले, त्यांना भाताच्या खळ्यावर वाटा. दुसरे घिसाडी. गाडीत संसार, उघड्यावर भट्टी, नवरा सांडशीत लोखंड धरून बसलेला आणि बायको उभी राहून घण मारतेय, हे चित्र या रस्त्यांवर जुन्या लोकांनी खूप पाहिलेलं आहे. पावसाळ्याआधी ते यायचे, काम उरकून पुढे जायचे. त्यामुळे एका गावात सापडलेला कोयता त्या गावचाच असेल असं नाही.

आता कोयत्याच्या सावलीत राहिलेल्या बारक्या पात्यांकडे वळतो. चर्मकाराची रापी घ्या. पंख्यासारखं पसरलेलं पातं, धार समोरच्या कडेला, मूठ मागे. ओढायची नसते, ढकलायची असते. कातडं कापताना रापी चामड्यातून जाते तेव्हा एकसारखा मऊ आवाज येतो आणि तो मध्येच तुटला तर धार गेली म्हणून समजायचं. रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या चपला आल्या, रापीचं काम शिवणीपुरतं उरलं. न्हाव्याचा घडीचा वस्तरा आणि नखं काढायची नराणी याही अशाच. चांगला वस्तरा बाहेरून यायचा, शेफिल्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचा, आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासून त्याला घरची धार असायची. एड्सची भीती आली तशी गिऱ्हाइकंच नवं ब्लेड मागू लागली आणि दोन-चार वर्षांत अख्खी पिढी बदलल्यासारखे वस्तरे पेटीच्या तळाशी गेले. आरोग्यासाठी ते योग्यच झालं. पण त्या पेट्या आता उघडून बघायला हव्यात. मोरलीबद्दल वेगळं सांगायला नको. पाटाला बसवलेली, टोकाला नारळ खवायचे दाते असलेली मोरली घराघरात होती. उभ्याचा ओटा आला आणि ती माळ्यावर गेली. मोरलीचं पातं काढून घेऊन पाट चुलीत घालायची चूक फार घरांत झालेली आहे. पात्याइतकाच पाट महत्त्वाचा. बसणारीच्या पायाने तो जिथे गुळगुळीत झालाय ती जागा विकत मिळत नाही.

खिशातले चाकू इथे थोडेच. असलेच तर रेल्वेत किंवा जंगलखात्यात नोकरी केलेल्यांच्या घरी. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रूस कोरलेला एखादा चाकू ट्रंकेत निघतो. हे चिन्ह त्या कंपनीला 1764 मध्ये मिळालं आणि हिंदुस्थानात ते इतकं चाललं की नकलाही भरपूर झाल्या. शौकीन माणूस त्याला लगेच पैसे देईल. मी आधी रापी घेईन.

जमवायचं म्हटलं की पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर आठवणारच. 1896 ते 1990 असं आयुष्य लाभलेला हा माणूस 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचा आणि 1920 च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या मागे लागला. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि 1975 मध्ये ते राज्य सरकारच्या हवाली केलं. तिथले अडकित्ते बघायला लोक मुद्दाम जातात. घोडा, मोर, जोडपी, काय नाही त्या आकारांत! घरातल्या रोजच्या पात्याला संग्रहात मान मिळू शकतो हे महाराष्ट्राने केळकरांकडून पाहिलं. पण त्या मानाला कलाकुसरीची अट राहिली. अडकित्ता पानाच्या तबकात, पाहुण्यांसमोर असायचा म्हणून सजला. कोयता कमरेला मागे, पाठीआड. त्याला कुणी मोर काढला नाही. जे सजलं ते टिकलं, म्हणून आपल्याला वाटतं की आपल्या पूर्वजांची पाती सगळी नक्षीदारच होती.

जपानचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. हिगोनोकामी नावाचा घडीचा चाकू तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, ना कमान ना कुलूप, मागे आलेली शेपटी अंगठ्याने दाबून धरायची. शाळकरी पोरं त्याने पेन्सिली करायची. 1960 मध्ये समाजवादी नेते आसानुमा यांचा भर सभेत पातं खुपसून खून झाला, पोरांच्या हातातले चाकू काढून घ्यायची मोहीम निघाली, पाठोपाठ पेन्सिलीला टोक काढायची यंत्रं आली. मिकी गावातल्या कारखान्यांपैकी आज नागाओ कानेकोमा हा एकच उरला आहे आणि दोन दिडक्यांचा तो चाकू जगभरचे लोक मागवतात. आपल्याकडे रामपूरचं झालं ते थोडं निराळं. हिंदी सिनेमाने रामपुरी चाकूला खलनायकाच्या हातात दिलं, उत्तर प्रदेश सरकारने नव्वदच्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्याला बंदी घातली, कारागीर पांगले. मग 2023 मध्ये त्याच शहराने चौकात वीस फुटी रामपुरी उभारला. पुतळा करायला हरकत नाही, पण तोवर भट्ट्या कुठे राहिल्या?

कायद्याचं इथेही बघावं लागतं, कारण संग्राहकाच्या पिशवीत दहा कोयते निघाले तर पोलिसांना काय वाटेल ते उघड आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं नियंत्रणाखाली येतात, पण घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. कोयता, विळा, मोरली त्यात सुटतात. तरी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात हत्यार बाळगून फिरल्यास कलम 135 लागू शकतं. शेताच्या बांधावर जे अवजार आहे ते कल्याण स्टेशनात हत्यार ठरतं. पुण्यात कोयत्याच्या गुन्ह्यांचा बोभाटा झाला तेव्हा, 2023 च्या सुरुवातीला, विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड पाहून नोंद ठेवावी असं पोलिसांनी सांगितलं. तेव्हापासून शहरी कानांना कोयता म्हटलं की टोळीच आठवते. किन्हवलीच्या बाजारात कोयता चाचपणाऱ्या म्हातारीचा यात काय दोष? संग्राहकाने एकदम ढीग आणू नये, पातं फडक्यात गुंडाळून, बांधून आणावं. नऊ इंचांपुढचं सुरा-कट्यारीसारखं काही निघालं तर परवान्याची चौकशी केल्याशिवाय हात लावू नये.

घेताना पैशापेक्षा अदलाबदल बरी. जुनं झिजलेलं पातं मागायचं आणि त्याच्या बदल्यात त्याच भागातल्या लोहाराकडून पाट्याचा नवा कोयता करून द्यायचा, म्हणजे घरातलं काम अडत नाही आणि एका भट्टीला एक काम मिळतं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला निघतात, कोयता त्यांच्याबरोबर जातो. त्या दिवसांत दारात जाऊन भाव करणं बरं दिसत नाही. पातं हातात आलं की त्याच दिवशी लिहून ठेवायचं: कुठल्या पाड्यावर मिळालं, कोण वापरत होतं, कशासाठी, लोहार कुठला, मूठ कुणी बसवली. वापरणाऱ्याचा हात डावा की उजवा हेही. कोयत्याची धार एकाच अंगाने उतरवलेली असेल तर ती कुठल्या अंगाने आहे यावरून ते कळतं. गंज काढायला चक्र लावू नये. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून सकाळी नारळाच्या काथ्याने घासलं की पुरतं, मग करंजाचं किंवा खोबऱ्याचं तेल. मूठ सैल असली तरी नवी बसवू नये, जुन्या मुठीत कापडाची चिंधी कोंबलेली असते, ती तशीच राहू द्यावी. धार मात्र लावू नये. शेवटी ती कुणाच्या दगडावर लागली होती ते त्या ओरखड्यांतच आहे.